१९९ पौंडांचा खोका: एअरसॉफ्टच्या पहिल्या सामानाचे परीक्षण

गेल्या ऑक्टोबरात आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जो खोका येऊन पडला, त्याच्यावर ‘नवख्यांना लागणारे सर्व काही’ अशा अर्थाची ओळ मोठ्या अक्षरांत छापलेली होती आणि किंमत होती १९९ पौंड. आत निळ्या-काळ्या रंगाची, एम४ या अमेरिकी लष्करी रायफलीच्या नमुन्याची, बॅटरीवर चालणारी एअरसॉफ्ट बंदूक, एक मॅगझिन (छर्रे भरून बंदुकीला जोडायची पेटी), एक बॅटरी, भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा चार्जर, एक गॉगल आणि २००० छर्‍यांची पिशवी एवढा ऐवज होता. माझा १९ वर्षांचा भाचा सांगलीहून इथे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला शिकायला आला आहे. ऑफिसमधल्या सहकाऱ्यांबरोबर दोनदा हा खेळ खेळून आलेल्या मावशीला या खरेदीत भागीदार करून घ्यायला त्याला फारसे कष्ट पडले नाहीत. सात रविवार हे सामान जंगलात चिखलातून फिरवल्यानंतर मी हे लिहीत आहे. दुकानाचे आणि बंदुकीच्या छापाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे तयार खोके इथली बरीच दुकाने विकतात आणि मला आढळलेल्या उणिवा कोणा एकाच्या माथी मारण्यासारख्या नाहीत.

ज्यांनी जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे छर्‍याची बंदूक हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्ये आवश्यक आहेत. एअरसॉफ्टमध्ये ६ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे गोल छर्रे खेळाडू एकमेकांवर झाडतात, अंगावर छर्रा लागला की ज्याचे त्याने हात वर करून ‘हिट’ असे ओरडून बाद व्हायचे असते, आणि पेंटबॉलसारखा रंगाचा पुरावा उरत नसल्यामुळे सगळा खेळ खेळाडूच्या प्रामाणिकपणावर चालतो. हा प्रकार जपानमध्ये रुजला, ‘टोकियो मारुई’ या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी पहिली बंदूक बाजारात आणली, आणि आज नवख्यांना मिळणाऱ्या बहुतेक बंदुका त्याच पद्धतीवर चालतात: मोटर दातेरी चाके फिरवते, चाके पिस्टन मागे ओढून स्प्रिंग ताणतात, स्प्रिंग सुटली की पिस्टनपुढची हवा छर्‍याला नळीबाहेर ढकलते.

खोक्यातली सर्वांत वाईट वस्तू होती गॉगल, आणि नेमक्या त्याच वस्तूबाबत चूक परवडण्यासारखी नसते. पारदर्शक प्लास्टिकची एकेरी काच, भोवती पातळ फोमची कड, मागे लवचीक पट्टा, असा तो प्रकार होता. काचेवर किंवा चौकटीवर कोणताही दर्जाक्रमांक कोरलेला नव्हता; फक्त बाहेरच्या पिशवीवर ‘सीई’ ही, माल युरोपीय नियमांत बसतो असा निर्मात्याचा दावा सांगणारी दोन अक्षरे छापलेली होती. युरोपात आणि ब्रिटनमध्ये डोळ्यांच्या संरक्षणासाठी ‘ईएन १६६’ हे मानक वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. त्यात ०.८६ ग्रॅम वजनाची पोलादी गोळी काचेवर मारून चाचणी घेतात: ‘एफ’ दर्जासाठी सेकंदाला ४५ मीटर वेगाने, ‘बी’ दर्जासाठी १२० मीटर वेगाने. ऊर्जेच्या भाषेत पहिली चाचणी सुमारे ०.८७ ज्यूलची होते आणि दुसरी सुमारे ६.२ ज्यूलची. आमच्या मैदानावर बंदुकीला १.१४ ज्यूलपर्यंत परवानगी आहे. म्हणजे ‘एफ’ दर्जाचा चष्मा ज्या धक्क्यावर तपासलेला असतो, त्याहून मोठा धक्का मैदानावर जवळून बसू शकतो. त्यामुळे ‘बी’ हे अक्षर काचेवर आणि चौकटीवर अशा दोन्ही ठिकाणी कोरलेले असल्याशिवाय गॉगल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दर्जाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा गॉगल पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरला. नोव्हेंबरातली दमट सकाळ, पानगळीने निसरडे झालेले जंगल, धावून तापलेला चेहरा; दहाव्या मिनिटाला काचेवर अशी वाफ धरली की समोरचे झाड आणि समोरचा माणूस यांतला फरक कळेना. खेळाच्या हद्दीत कोणत्याही कारणाने गॉगल काढायचा नसतो, हा या खेळातला पहिला आणि शेवटचा नियम आहे. त्यामुळे भाच्याला ‘मावशी, मला काही म्हणजे काही दिसत नाही’ असे ओरडत, एका हाताने बंदूक वर धरून आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून सुरक्षित भागापर्यंत यावे लागले. त्या दिवशी अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी तिथल्या मार्शलने, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणाऱ्या पंचाने, काही न बोलता भाड्याच्या सामानातला पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणून दिला.

त्यानंतर आम्ही पेंटबॉलवाले वापरतात तसा दुहेरी काचेचा मास्क पाहिला. दोन काचांमध्ये हवेचा थर राहत असल्यामुळे आतली काच बाहेरच्या गारठ्याइतकी थंड पडत नाही आणि वाफ फारच कमी धरते. पण त्यांतले ‘डाय’ या कंपनीचे नावाजलेले मास्क नवख्याच्या खिशाला जड आहेत. शेवटी ४५ पौंडांचा, दुहेरी काचेचा, ‘बी’ दर्जाचा गॉगल आणि १२ पौंडांची, नाकापासून हनुवटीपर्यंत झाकणारी जाळीची पट्टी अशी जोडी घेतली. जाळीची पट्टी अनेकांना अनावश्यक वाटते. जवळून आलेला छर्रा पुढच्या दाताचा टवका उडवू शकतो आणि दंतवैद्याचे बिल बंदुकीच्या किमतीला सहज मागे टाकते, एवढे लक्षात घेतले की १२ पौंड जास्त वाटत नाहीत. जाळीचेच गॉगलही मिळतात, त्यांवर वाफ धरण्याचा प्रश्नच नसतो, आणि जुने खेळाडू त्यांची भलामण करतात. परंतु झाडावर आपटून फुटलेल्या छर्‍याचा बारीक तुकडा जाळीच्या भोकातून आत येऊ शकतो, म्हणून डोळ्यांपुढे जाळी मला मान्य नाही. मला चष्मा आहे. चष्मेवाल्यांनी गॉगल दुकानात जाऊन, स्वतःच्या चष्म्यावर चढवून आणि खाली वाकून पाहूनच घ्यावा.

बॅटरी आणि चार्जर ही दुसरी गफलत. बॅटरी निकेल मेटल हायड्राइड प्रकारची, ८.४ व्होल्ट आणि १६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची होती; चार्जर ३०० मिलिअँपिअरचा होता. साधा भागाकार केला आणि थोडी गळती धरली तर चार्जिंगला सात तासांच्या आसपास लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की बॅटरी भरल्यावर हा चार्जर थांबत नाही, त्याच्यावरचा दिवा रंग बदलत नाही, आणि माहितीपत्रकात ‘पुरेसा वेळ चार्ज करा’ एवढीच सूचना आहे. पहिल्या शनिवारी रात्री तो सॉकेटात तसाच राहिला आणि सकाळी बॅटरी पोळी ठेवलेल्या डब्याइतकी गरम लागली. आता आमच्याकडे २० पौंडांचा, बॅटरीतला प्रत्येक सेल वेगळा मोजणारा आणि आपोआप थांबणारा चार्जर आहे, आणि १५ पौंडांची ७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर, म्हणजेच लायपो बॅटरी.

लायपोविषयी भीती आणि उत्साह दोन्ही प्रमाणाबाहेर ऐकायला मिळतात. चाप ओढल्यावर बंदूक तिच्यामुळे चटकन प्रतिसाद देते, हे खरे आहे. तिला जपावे लागते, हेही खरे आहे: भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, वापरात तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि आठवडाभर कपाटात ठेवायची असेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही, आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जायचे नाही. आम्ही ती आग न धरणाऱ्या पिशवीत घालून ओट्यावर, सिंकच्या शेजारी चार्ज करतो. ११.१ व्होल्टच्या बॅटरीचा मोह नवख्याने टाळावा. साध्या बंदुकीत मोटरचा सगळा प्रवाह चापाच्या धातूच्या पट्ट्यांमधून जातो आणि जास्त व्होल्टेजला त्या ठिणग्यांनी काळ्या पडत जातात.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आमच्या बंदुकीत बॅटरी मागच्या दस्त्याच्या नळीत बसते, आणि आम्ही प्रथम आणलेली लायपो त्या नळीत जेमतेम तीन मिलिमीटरने मावली नाही. शिवाय तिच्या तारांचे जोडायचे टोक ‘डीन्स’ पद्धतीचे आणि बंदुकीचे ‘मिनी टामिया’ पद्धतीचे निघाले. बॅटरी बदलून मिळाली, जोडणी करणारा तुकडा वेगळा घ्यावा लागला. मागवण्यापूर्वी फूटपट्टी घेऊन नळीची रुंदी मोजावी आणि टोकाचा फोटो काढून दुकानदाराला दाखवावा, म्हणजे एक रविवार वाचतो.

छर्‍यांना इथे ‘बीबी’ म्हणतात. ‘बीबी संपल्या’ हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले तेव्हा माझ्या नवऱ्याने फोनमधून मान वर करून पाहिले होते. खोक्यातले छर्रे ०.१२ ग्रॅमचे होते. इतके हलके छर्रे वाऱ्याच्या झुळकीबरोबर वाटेल तिकडे जातात, आणि काहींवर साच्याची शिवण बोटाला लागत होती; अशी शिवण नळीच्या आतल्या रबराला घातक असते. ते आम्ही बंदुकीत घातलेच नाहीत. बॅटरीच्या बंदुकीसाठी ०.२० ग्रॅम ही किमान मर्यादा मानावी, आणि जंगलात खेळायचे असेल तर ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमचे, गुळगुळीत, जैवविघटनशील छर्रे घ्यावेत. कित्येक मैदानांवर साध्या प्लास्टिकच्या छर्‍यांना बंदीच असते. ०.२५ ग्रॅमच्या एका किलोत ४००० छर्रे येतात, आम्हाला ती पिशवी १३ पौंडांना पडली, आणि दोघांना दोन रविवार पुरली.

जड छर्रा सावकाश जातो, मग तो चांगला कसा, असा प्रश्न भाच्याने विचारला होता आणि तो योग्यच होता. एक ज्यूल ऊर्जेला ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटतो आणि ०.२५ ग्रॅमचा सुमारे ८९ मीटर वेगाने. पण हलक्या छर्‍याचा वेग हवेच्या विरोधाने भराभर उतरतो आणि वारा त्याला सहज ढकलतो, तर जड छर्रा आपली रेघ धरून राहतो. चाळीस मीटरवरच्या माणसाला लावायचे असेल तर जड छर्‍याला पर्याय नाही.

आता मूळ बंदुकीकडे वळते, आणि तिच्याबद्दल मला चांगलेच लिहायचे आहे. बाहेरचे अंग पॉलिमरचे असल्यामुळे ती हलकी आहे. दुपारनंतर धातूच्या बंदुका मिरवणारे सहकारी हात झटकू लागतात तेव्हा हे हलकेपण कळते. मैदानावर खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात, त्यात हिचा वेग ०.२० ग्रॅमच्या छर्‍याला सेकंदाला ३१८ फूट भरला, म्हणजे सुमारे ०.९४ ज्यूल. मैदानाची मर्यादा ३५० फुटांची, म्हणजे १.१४ ज्यूलची आहे. कायद्याची मर्यादा आणखी वर आहे: एका चापात अनेक छर्रे सोडू शकणाऱ्या बंदुकीसाठी १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा सोडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ ज्यूल. मर्यादेला टेकण्याची हौस नवख्याने बाळगू नये, आमच्या ०.९४ ज्यूलमध्ये काही कमी पडले असे मला एकदाही वाटले नाही.

पल्ला आणि अचूकता ठरते ती ‘हॉप-अप’ने. नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा आत शिरतो तिथे, वरून किंचित खाली आलेला रबराचा उंचवटा जाणाऱ्या छर्‍याला उलटी फिरकी देतो, आणि त्या फिरकीमुळे छर्रा हवेत उचलून धरला जातो. हा उंचवटा कमी-जास्त करणारे नव्या बंदुकीचे चाक दुकानातून येते तसेच ठेवून ‘बंदूक वाकडी मारते’ अशी तक्रार करणारे मी दोघे पाहिले. आम्ही सकाळी खेळाआधी दहा मिनिटे कुंपणाशेजारच्या सराव-पट्टीवर घालवतो. भाचा झाडतो आणि मी त्याच्या मागे उभी राहून पांढऱ्या छर्‍याची रेघ पाहते: शेवटी वर उडाला तर चाक एक दात मागे, लवकर खाली पडला तर एक दात पुढे. छर्‍याचे वजन बदलले की हा उद्योग पुन्हा करावा लागतो. नळी मात्र आणल्या दिवशीच साफ करावी. सोबतच्या काडीला सुती कापडाची चिंधी गुंडाळून फिरवली तेव्हा ती काळी होऊन बाहेर आली. घरातले गंज सोडवणारे फवारे तिथे अजिबात वापरू नयेत, रबर खराब होते.

सोबतचे मॅगझिन ३०० छर्‍यांचे, तळाशी चाक फिरवून चावी द्यायचे होते. ते चालते, पण चालताना खुळखुळ्यासारखे वाजते, आणि दबा धरून बसलेल्या माणसाला ते परवडत नाही. त्याऐवजी १२० छर्‍यांची स्प्रिंगची तीन मॅगझिने प्रत्येकी १० पौंडांना आणि छर्रे भरायची नळी ४ पौंडांना घेतली. थंडीत बधिर बोटांनी ती भरणे हे कंटाळवाणे काम आहे, हे कबूल करते.

हिशेब असा पडला. खोक्याचे १९९ पौंड आणि गॉगल, पट्टी, चार्जर, बॅटरी, छर्रे, मॅगझिने व भरणी यांचे १३९, असे एकूण ३३८ पौंड. याच वस्तू एकेक करून, दीडशे पौंडांच्या आसपासच्या सुट्या बंदुकीसह घेतल्या असत्या तर २८९ पौंडांत काम झाले असते. खोक्याने आमचे ४९ पौंड वाचवण्याऐवजी खाल्ले, आणि वर माळ्यावर टाकायला एक गॉगल, एक चार्जर आणि ०.१२ ग्रॅमच्या २००० छर्‍यांची पिशवी दिली.

दीडशे पौंडांच्या पट्ट्यात पाहण्यासारख्या बंदुका आहेत. पोलंडच्या ‘स्पेक्ना आर्म्स’ची कोअर मालिका पॉलिमरच्या अंगाची आहे आणि तिच्यात गिअरबॉक्स, म्हणजे दातेरी चाकांची पेटी, न उघडता वेग ठरवणारी स्प्रिंग बदलता येते. वेगवेगळ्या मैदानांच्या मर्यादा वेगवेगळ्या असल्यामुळे ही सोय फार कामाची आहे. तैवानच्या ‘जी अँड जी’ची कॉम्बॅट मशीन मालिका थोडी महाग असली तरी नवख्यांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि एके नमुना आवडत असेल तर चीनची ‘सायमा’ स्वस्तात पडते. मुद्दा एवढाच की नमुना प्रचलित असावा, म्हणजे मॅगझिने आणि सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात. भाच्याचा पहिला हट्ट गॅसच्या पिस्तुलाचा होता. इंग्लंडच्या हिवाळ्यात गॅसचा दाब थंडीने उतरतो आणि पिस्तूल धापा टाकू लागते, तेव्हा पहिली खरेदी म्हणून ते टाळलेलेच बरे.

बूट हा विषय या परीक्षणात बसत नाही असे कोणाला वाटेल, पण माझ्या मते गॉगलनंतरचा क्रमांक त्यांचाच आहे. भाच्याने घरून सह्याद्रीतल्या कातळावर घट्ट पकड देणारे, घोट्याखाली संपणारे स्वस्त बूट आणले होते. इथल्या चिकणमातीत त्यांच्या तळव्यांच्या खाचा पाच मिनिटांत भरून गेल्या, आणि दुसऱ्याच रविवारी सशाच्या बिळात पाय जाऊन त्याचा घोटा मुरगळला. घोटा धरून ठेवणारे, ट्रेकिंगचे साधे जलरोधक बूट ४० पौंडांत मिळतात. कपड्यांवर मात्र एक पैसाही घालवू नये. जुनी खाकी पॅन्ट आणि मातकट रंगाचा स्वेटर पुरतो.

निळ्या रंगाबद्दल सांगणे राहिले. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला कोणतीही नकली बंदूक विकत घेता येत नाही. खेळाडू म्हणून नोंदणी नसलेल्या प्रौढाला म्हणूनच ५१ टक्के भाग भडक रंगाचा असलेली बंदूक मिळते. नोंदणी हवी असेल तर ‘यूकारा’ या विक्रेत्यांच्या संघटनेकडे नोंदवलेल्या एखाद्या मैदानावर किमान ५६ दिवसांच्या अवधीत तीन वेळा खेळावे लागते. ते तीन खेळ भाड्याच्या बंदुकीवर खेळून, तेवढ्या काळात फक्त गॉगल आणि बूट स्वतःचे घेऊन, बंदूक सर्वांत शेवटी घेणे हा खरा स्वस्त मार्ग होता, हे आम्हाला खोका उघडल्यावर समजले. निळी बंदूक काळी रंगवण्याची कल्पना भाच्याच्या डोक्यात आली होती. नोंदणीशिवाय तसे करणे हाच गुन्हा आहे, हे त्याला वाचून दाखवले. ने-आण करताना ती बंद पिशवीतच असते, मॅगझिन आणि बॅटरी वेगळी काढलेली.

तीन खेळ आणि ५६ दिवस जानेवारीत पूर्ण झाले, नोंदणीही झाली. भाच्याने अजून काळी बंदूक घेतलेली नाही. जंगलात रंगापेक्षा हालचाल आधी दिसते, असे त्याचे आता म्हणणे आहे, आणि त्या पैशांतून त्याने माझ्यासारखाच दुहेरी काचेचा दुसरा गॉगल घेतला, कारण सात रविवार आम्ही एकच गॉगल आणि भाड्याचा एक मास्क आळीपाळीने वापरत होतो.